चार्जर बिघडलेला नाही, बॅटरी तापली आहे

एप्रिल-मे आला की सोलापुरात कॉर्डलेस मशिनवाल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. ग्रिल बसवणारे असोत, फर्निचरवाले असोत की एसीची कामं करणारी पोरं, वाक्य तेच: "चार्जर गेला. बॅटरी लावली की दिवा नुसता लुकलुकतो, चार्जच घेत नाही." मग कोणी बॅटरी काढून पुन्हा ठोकून बसवतो, कोणी फ्रीजमध्ये ठेवतो, तर कोणी बाजारातून दोन-तीनशे रुपयांचा "कुठल्याही बॅटरीला चालतो" असा चार्जर घेऊन येतो. त्या चार्जरवर बॅटरी मुकाट्याने चार्ज होते आणि काम पुढे सरकतं.

मला खरी धास्ती वाटते ती या शेवटच्या उपायाची. कारण बऱ्याचदा पहिला चार्जर ठणठणीत असतो. बॅटरी गरम आहे, थोडं थांबा, एवढंच तो सांगत असतो. अनेक चांगल्या कंपन्यांच्या बॅटरीच्या तळाशी पाहा. अधिक आणि उणे यांच्या पट्ट्यांशिवाय आणखी एक-दोन पट्ट्या दिसतील. त्यातली एक आतल्या थर्मिस्टरची असते. थर्मिस्टर म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा छोटा घटक. चार्जर आधी तो रोध मोजतो आणि मगच वीज सोडतो. स्वस्त चार्जरला मात्र दोनच तारा असतात. आत बॅटरी किती तापली आहे हे त्याला कळायला मार्गच नाही.

या बॅटरीत लिथियम-आयन सेल असतात. ते चार्ज करण्याची नेहमीची मर्यादा ० ते ४५ अंश सेल्सिअस असते. पुष्कळ चार्जरच्या माहितीपत्रकात ती ४० अंशच लिहिलेली सापडते. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. सावलीतला पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो आणखी वर असतो. म्हणजे बॅटरीने अजून एक भोकही पाडलेलं नसताना ती मर्यादेच्या बाहेर बसलेली असते. त्यात कामाची उष्णता मिळते. दहा सेलच्या बॅटरीचा अंतर्गत रोध साधारण ०.०५ ओहम धरा. ग्राइंडर जोरात चालताना ४० अँपिअर खेचतो असं माना. शाळेतलं सूत्र वापरा, प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: १६०० × ०.०५ म्हणजे ८० वॅट. एवढी उष्णता त्या मुठीएवढ्या डब्यात तयार होते आणि प्लास्टिकच्या कवचामुळे ती लवकर बाहेरही पडत नाही.

मग प्रश्न येतो की गरम बॅटरी वापरायला ६० अंशांपर्यंत चालते, तर चार्ज करायला का चालत नाही? याचं उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सेलची एक बाजू ग्राफाइटची असते. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंचे पातळ पापुद्रे, आपल्या सोलापुरी चादरींची थप्पी असावी तसे एकावर एक. चार्जिंग करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, दुसऱ्या बाजूकडून निघतात, मधल्या द्रवातून येतात आणि या थरांच्या फटींत शिरून बसतात. सेल पूर्ण भरला की दर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम अशी दाटी होते. लिथियमला धातू होऊ न देता असं कार्बनमध्ये मुक्कामाला ठेवणं हीच या बॅटरीची खरी करामत. १९७०च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी बनवलेल्या बॅटरीत शुद्ध लिथियम धातू होता आणि ती पेट घेण्याचा धोका मोठा होता. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडची दुसरी बाजू दिली. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी धातूच्या जागी कार्बन आणला आणि बॅटरी घरात ठेवण्याजोगी झाली. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली आणि २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण लिथियमने भरलेलं ग्राफाइट स्वभावाने लिथियम धातूच्या फार जवळ असतं. दोघांच्या विभवात, म्हणजे विजेच्या पातळीत, जेमतेम ०.१ व्होल्टचा फरक उरतो. आणि ते बुडालेलं असतं इथिलीन कार्बोनेटसारख्या सेंद्रिय द्रावकांत, म्हणजे पेटणाऱ्या द्रवात. मग लगेच प्रक्रिया का होत नाही? कारण कारखान्यातल्या पहिल्याच चार्जिंगच्या वेळी ग्राफाइटवर काही नॅनोमीटर जाडीचा एक संरक्षक थर चढतो. शास्त्रज्ञ त्याला एसईआय म्हणतात. तो लिथियमच्या आयनांना आत सोडतो, पण द्रावकाला अडवतो. बॅटरीचं आयुष्य आणि आपली सुरक्षितता या अतिशय पातळ थरावर अवलंबून आहे.

उष्णतेने हा थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो. प्रत्येक वेळी थोडा लिथियम खर्ची पडतो, म्हणून उन्हाळ्यात रगडलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. साधारण ८० ते १२० अंशांच्या दरम्यान तो विघटित होऊ लागतो आणि त्या विघटनातूनच उष्णता बाहेर पडते. १३० अंशांच्या आसपास दोन्ही बाजूंना वेगळं ठेवणारा पॉलिइथिलीनचा पडदा वितळू लागतो. तो फाटला की आतल्या आत शॉर्ट सर्किट. पुढे दोनशे अंशांच्या सुमारास दुसऱ्या बाजूच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो. म्हणजे इंधन, उष्णता आणि ऑक्सिजन, तिन्ही एकाच बंद डब्यात. सेल जितका भरलेला, तितकं हे सगळं लवकर आणि जोरात होतं. वापरताना सेल रिकामा होत होत शांत बाजूला जातो. चार्ज होताना तो भरत भरत जास्त तापट अवस्थेकडे जातो. म्हणून चार्जिंगची तापमान-मर्यादा कडक.

आता यातलं गणित बघा. रासायनिक प्रक्रियांचा वेग दर दहा अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो. ३०चे ४० झाले तर दुप्पट, ५० झाले तर चौपट. म्हणजे आत तयार होणारी उष्णता गुणाकाराने वाढते. बाहेर जाणारी उष्णता मात्र सेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणातच वाढते, सरळ रेषेत. आलेखावर एक रेषा सरळ, दुसरी वर वळत जाणारी. जिथे वळणारी रेषा सरळ रेषेला ओलांडून कायमची वर जाते, तिथून पुढे सेल स्वतःच स्वतःला तापवत राहतो. चार्जरचं बटण बंद करूनही तेव्हा उपयोग नसतो. यात सोलापूरचा संबंध कुठे येतो? सेल ६० अंशांवर आहे असं धरा. पुण्यात पावसाळ्यात हवा २५ अंश असेल तर फरक ३५ अंशांचा. इथे मे महिन्यात हवा ४३ अंश, फरक फक्त १७ अंशांचा. तोच सेल, तेच तापमान, पण थंड होण्याचा वेग निम्म्यावर. एखाद्या व्हिडिओत कोणी कामावरून काढलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावतो आणि काही होत नाही. ते त्याच्या गावच्या हवेत खरं असेलही, आपल्याकडे त्याचा दाखला चालत नाही.

म्हणून मशिनमधून काढलेली बॅटरी सावलीत, पंख्याखाली अर्धा-पाऊण तास उघडी ठेवा आणि मगच चार्जरला लावा. जमलं तर उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा, पण माणूस जागा असताना करा. फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं आणि ते पाणी आतल्या सर्किटवर जातं. फ्रीझरमधून काढून थेट चार्ज करणं तर आणखी वाईट. शून्याखाली लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत वेळेवर शिरू शकत नाहीत आणि पृष्ठभागावरच धातू म्हणून साचतात. म्हणजे योशिनोंनी जे बाहेर काढलं तेच आपण परत आत आणतो. स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात लावलेल्या गाडीत बॅटरी विसरणंही तसंच. आतलं तापमान सहज साठच्या पुढे जातं.

दुसरा घोळ व्होल्टच्या आकड्यांचा आहे. १८ व्होल्टच्या बॅटरीत पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचे सरासरी ३.६ व्होल्ट, म्हणून १८. पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४.२, म्हणून २१. त्यामुळे एका खोक्यावर १८, दुसऱ्यावर २० आणि तिसऱ्यावर २१ लिहिलेलं असलं तरी आत बहुधा पाचच सेलची रांग असते. बाजारात ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ असेही आकडे छापलेली मशिनं मिळतात. ८८ व्होल्टसाठी वीसहून जास्त सेल एका रांगेत लागतील. हातात मावणाऱ्या त्या बॅटरीत ते बसणार कुठे? हे आकडे खऱ्या व्होल्टचे नसतात, आणि जो आकडा खोटा छापतो त्याने आतलं सुरक्षा सर्किट खरं बसवलं असेल यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. भारतीय मानक आयएस १६०४६ नुसार नोंदणीची खूण आहे का, ते तरी पाहून घ्या.

आकडा जुळला तरी चार्जर जुळेलच असं नाही. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीही १८ व्होल्टच्या असायच्या, पण त्यात १.२ व्होल्टचे १५ सेल असत. त्यांचा चार्जर भरताना दर सेलला दीडेक व्होल्टपर्यंत, म्हणजे एकूण साडेबावीसपर्यंत नेतो आणि व्होल्टेज किंचित खाली घसरण्याची वाट पाहतो. ती घसरण हीच त्याच्या लेखी बॅटरी भरल्याची खूण. लिथियमच्या सेलमध्ये ती कधी येतच नाही. चार्जर वाट पाहत राहतो आणि दर सेलवर ४.५ व्होल्ट चढतात. लिथियमचा चार्जर वेगळा असतो: आधी ठरावीक प्रवाह, मग ४.२ वर व्होल्टेज रोखून प्रवाह कमी कमी करत नेणं आणि शेवटी पूर्ण बंद. "नवीन बॅटरी आधी आठ तास लावा" आणि "पूर्ण संपवल्याशिवाय चार्ज करू नका" हे दोन्ही सल्ले त्या जुन्या काळातले आहेत. लिथियमची बॅटरी पार शून्यापर्यंत संपवली तर उलट आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळतं आणि पुढच्या चार्जिंगला नको तिथे साचतं. म्हणून वर्षभर कपाटात मेलेल्या बॅटरीला दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून "जागी" करू नका. ती गेली असंच समजा.

पाच सेल समान नसतील तर आणखी एक अडचण. चार्जरला बेरीज दिसते, २१. पण एक सेल ४.४ वर आणि बाकी चार ४.१५ वर असले तरी बेरीज २१च येते. प्रत्येक सेल स्वतंत्र मोजणारं सर्किट असेल तरच हे कळतं. बॅटरी उघडून जुन्या लॅपटॉपचे सेल बसवून देणारे असतात. ते सेल पाचेक अँपिअरसाठी बनलेले, ड्रिल मागतं तीस-चाळीस. असं काम करून घेऊ नका.

चार्जर ठेवायचा तो फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर, गादीवर किंवा चादरींच्या गठ्ठ्यावर नव्हे. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचं तूस सगळीकडे उडतं. ते चार्जरच्या फटींत साचतं, हवा अडवतं आणि एका ठिणगीने पेटतं. ग्राइंडरचा लोखंडी भुसा तर वीजवाहक. चार्जर त्याच्या टप्प्यात नको. सुटी बॅटरी खिळे-स्क्रूच्या पिशवीत टाकू नका. तिचे अधिक-उणे खिळ्याने जोडले गेले तर शेकडो अँपिअर वाहू शकतात. १८ व्होल्ट ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ७२ वॅट-तास असतात, म्हणजे एक लिटर पाणी ३० अंशांवरून ९२ अंशांपर्यंत तापवण्याइतकी ऊर्जा.

खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. मलाही ती आवडते, हाताला काम देणाऱ्या वस्तूबद्दलची कृतज्ञता आहे ती. पण ओलं हळद-कुंकू आणि पिळलेलं लिंबू बॅटरीच्या पट्ट्यांवर जाऊ देऊ नका. आम्लाने पट्ट्या गंजतात. आणि चार्जरवर लिंबू-मिरची टांगून आग टळत नाही, ती टळते थर्मिस्टरने.

मशिनबद्दल थोडक्यात. बिट किंवा ब्लेड बदलताना आधी बॅटरी काढा, कारण इथे ओढायला वायर नसते आणि चापावर बोट पडायला क्षण पुरतो. बॅगेत ठेवताना दिशा बदलणारं बटण मधोमध ठेवा, म्हणजे चाप दाबला जात नाही. बाजूची मूठ फेकून देऊ नका. ६० न्यूटन-मीटरचं ड्रिल सळईत अडकलं तर अक्षापासून २० सेंटिमीटरवरच्या हाताला ३०० न्यूटनचा, म्हणजे तीस किलो वजनाइतका झटका बसतो. फिरत्या बिटजवळ सैल बाही, ओढणी किंवा हातमोजे नकोत.

बॅटरी फुगली, गोडसर वास आला, शिसशिस आवाज आला तर आधी मुख्य स्विच बंद करा आणि लांब व्हा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतं, ते फुप्फुसं जाळतं. लिथियमवर पाणी टाकू नये असं पुष्कळजण सांगतात. ते शुद्ध धातूबद्दल खरं आहे. या बॅटरीत तो जवळपास नसतोच. वीज तोडलेली असेल आणि सुरक्षित अंतर असेल तर भरपूर पाणी हाच चांगला उपाय, कारण गरज असते ती शेजारचे सेल थंड करण्याची. विझल्यासारखी वाटली तरी ती काही तासांनी पुन्हा पेटू शकते, तेव्हा उघड्यावरच राहू द्या आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.

बाद झालेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबताना सेल चिरडला की तिथेच पेटतो. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून जिथे घेतली त्या दुकानदाराकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्या. नेईपर्यंत तिच्या पट्ट्यांवर इन्सुलेशन टेप चिकटवून ठेवा.