फ्रिजवरची चिठ्ठी

जर्मन शिकायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. दारावर ‘डी ट्यूर’, खिडकीवर ‘दास फेन्स्टर’, आरशावर ‘डेर श्पीगल’, फ्रिजवर ‘डेर क्यूलश्रांक’. येता-जाता दिसेल, दिसून दिसून पाठ होईल, असा साधा हिशेब. फ्रिजचं दार आमच्याकडे दिवसातून पंचवीसदा तरी उघडतं. दीड महिन्यानं वर्गात बाईंनी फ्रिजचं चित्र दाखवून शब्द विचारला. माझ्या डोळ्यांसमोर चिठ्ठीचा पिवळा रंग आला, डाव्या कोपऱ्यातला तेलाचा डागही आला. शब्द काही आला नाही.

पुण्यात जर्मन शिकणं ही नवलाई नाही. बोट क्लब रोडवरचं मॅक्सम्युलर भवन आणि फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट या दोन जागांनी हा नाद शहराला केव्हाच लावला. आता तो नुसता नाद राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनानं २०२४मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, त्याच्या आधीपासूनच नर्सिंग झालेल्या मुली, वायरमन, इंजिनियर असे सगळे एकाच बाकावर बसू लागले होते. त्यांची बोली ठरलेली: ए-वन झालं का, बी-वन कधी देणार. (या भाषेच्या परीक्षेच्या पायऱ्या.) बी-वनसाठी गोएथे इन्स्टिट्यूटची, म्हणजे मॅक्सम्युलर भवनाच्या मूळ जर्मन संस्थेची, जी शब्दयादी आहे, तिच्यात सुमारे २४०० शब्द आहेत. रोज दहा धरले तर आठ महिने. म्हणून प्रत्येक जण शेवटी ‘रोज’ या शब्दापाशी येऊन थांबतो. रोज सकाळी उठून, रोज झोपण्यापूर्वी, रोज लोकलमध्ये.

आणि इथेच एक गंमत आहे. सवय कशी लागते आणि शब्द लक्षात कसा राहतो, या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. सवयीला तीच वेळ, तीच जागा, तेच काम लागतं. स्मरणाला मात्र तेच काम रोज केलेलं फारसं मानवत नाही.

स्मरणाची बाजू आधी घेऊ. ती मोजणारा पहिला माणूस जर्मनच होता. हेर्मान एबिंगहाउस यानं १८८५ साली स्मृतीवरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. प्रयोगात सहभागी झालेली व्यक्ती एकच, तो स्वतः. ओळखीचे शब्द घेतले तर आधीच्या आठवणी लुडबुड करतील, म्हणून त्यानं मधे स्वर आणि दोन्हीकडे व्यंजन अशी सुमारे २३०० निरर्थक अक्षरं तयार केली. त्यांच्या ओळी करून ठरलेल्या लयीत मोठ्यानं म्हणायच्या, बिनचूक पाठ झाल्या की थांबायचं, आणि काही वेळानं तीच ओळ पुन्हा पाठ करायला बसायचं. वर्षानुवर्षं हेच. त्याच्या घरच्यांनी काय सोसलं असेल, ते प्रबंधात नाही.

त्याचं मोजमाप मात्र फार हुशारीचं होतं. ‘किती आठवलं’ हे त्यानं मोजलं नाही, ‘दुसऱ्यांदा पाठ करताना किती वेळ वाचला’ हे मोजलं. वीस मिनिटांनी ५८ टक्के वेळ वाचत होता, एका तासानं ४४, एका दिवसानं ३४, आणि महिन्याभरानं २१ टक्के. घसरण सुरुवातीलाच जोरात होते आणि पुढे मंदावते. २०१५मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या दोन संशोधकांनी हा सगळा खटाटोप पुन्हा करून पाहिला, तेव्हाही आलेख जवळपास तसाच आला. मला यातला महिन्याचा आकडा धीर देणारा वाटतो. एक अक्षर आठवत नसतानाही एक-पंचमांश मेहनत शिल्लक असते. आपण ज्याला ‘सगळं विसरले’ म्हणतो, ते सगळं नसतं.

त्यानं आणखी एक हिशेब मांडला होता. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधतं, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळांतच साधतं. मधला रिकामा वेळ फुकट जात नाही. त्यातही मधे रात्रीची झोप आली तर आणखी बरं. दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेत पुन्हा घोळवतो आणि पक्कं करतो, हे आता बऱ्याच प्रयोगांनी दिसलं आहे.

हे अंतर किती ठेवायचं? अमेरिकेतल्या बाह्रिक कुटुंबानं याचं उत्तर शोधायला काही वर्षं घातली. आई, वडील आणि दोन मुली, मानसशास्त्रज्ञांचंच घर. प्रत्येकानं परभाषेतले ३०० शब्द घेतले. काही शब्दांची उजळणी १४ दिवसांनी, काहींची २८, तर काहींची ५६ दिवसांनी. शेवटच्या उजळणीनंतर पाच वर्षांपर्यंत ते स्वतःची परीक्षा घेत राहिले. १९९३ला निष्कर्ष छापून आला: ५६ दिवसांच्या अंतरानं केलेल्या १३ उजळण्यांनी जे टिकलं, तेवढ्यासाठी १४ दिवसांच्या अंतरानं २६ उजळण्या लागल्या. निम्म्या कष्टात तेवढंच काम. पण लांब अंतराच्या शब्दांवर बसताना दर वेळी जास्त विसरलेलं असायचं, जास्त अडखळायला व्हायचं. म्हणजे जी पद्धत शिकताना वाईट वाटते, ती पाच वर्षांनी बरी निघते.

माझ्या पिवळ्या चिठ्ठीचा निकाल मात्र दुसऱ्याच एका प्रयोगात आहे. अमेरिकेतले जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द शिकायला दिले. (स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, पुस्तकाला ‘किताबू’ आणि चहाला ‘चाय’ म्हणतात. त्या बाकावर मराठी मूल असतं तर प्रयोग नासला असता.) एखादा शब्द एकदा बरोबर आला की काही गटांना तो पुन्हा पुन्हा दाखवला, पण विचारला नाही. काहींना तो पुन्हा पुन्हा विचारला, दाखवला नाही तरी. आठवड्यानंतर, ज्यांना विचारत राहिले होते त्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले. ज्यांना नुसते दाखवले होते ते पस्तीस टक्क्यांच्या आसपास अडकले. ‘तुम्हाला आठवड्यानं किती येतील?’ असं त्यांना आधी विचारलं होतं, तेव्हा सगळ्याच गटांनी जवळपास निम्मे सांगितले होते. कुणालाच आपलं आपल्याला कळत नव्हतं.

फ्रिज मला शब्द दिवसातून पंचवीसदा दाखवत होता. विचारत एकदाही नव्हता.

आता सवयीची बाजू. २१ दिवसांत सवय लागते, असं आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं, आणि बाविसाव्या दिवशी गजर बंद करून कूस बदलताना स्वतःला दोष दिलेला असतो. या आकड्याचं मूळ सहसा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या एका पुस्तकात दाखवलं जातं. त्याचं निरीक्षण होतं की नवा चेहरा स्वतःचा वाटायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. ‘निदान’ वाटेत गळला, चेहराही गळला, २१ राहिले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये छापलेला अभ्यास यापेक्षा खूपच जमिनीवरचा आहे. ९६ जणांनी प्रत्येकी एक छोटी गोष्ट निवडली: जेवताना एक फळ खाणं, न्याहारीनंतर पाणी पिणं, रात्रीच्या जेवणाआधी थोडं धावणं. १२ आठवडे रोज ते नोंद करत होते की ती गोष्ट किती आपोआप, विचार न करता घडली. सवय पुरती बसायला लागणारा मधला आकडा ६६ दिवस निघाला. पण कुणाला १८ पुरले, आणि एकाचा हिशेब २५४पर्यंत गेला. अभ्यास ८४ दिवसांचाच असल्यामुळे हा शेवटचा आकडा आलेख पुढे ओढून काढलेला आहे, हेही सांगायला हवं. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर बसली, व्यायामाची उशिरा. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडलं नाही. ‘स्ट्रीक तुटली’, म्हणजे रोजच्या सरावात खंड पडला, म्हणून मोबाइलवरच्या भाषेच्या अ‍ॅपमधलं घुबड रडवेलं होतं, तेव्हा हे लक्षात ठेवावं.

या सगळ्या सवयी आधीच घडत असलेल्या एखाद्या गोष्टीला बांधलेल्या होत्या, न्याहारीला, जेवणाला. आपल्याकडे परवचा असाच चालायचा. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की हातपाय धुऊन मुलं ‘शुभं करोति’ म्हणायला आणि पाढे घोकायला बसत. बसा असं सांगावं लागत नसे, दिवाच सांगायचा. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत, त्यांची पावकी-निमकी आजही तोंडपाठ आहे. मात्र मधूनच एखादा आकडा विचारला तर त्यांना पहिल्यापासून म्हणत यावं लागतं.

असं का होतं, हे मेंदूत डोकावलं की थोडं उमगतं. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीमध्ये अ‍ॅन ग्रेबियल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या बोळात सोडत. आवाजाच्या खुणेवरून डावीकडे किंवा उजवीकडे वळायचं, शेवटी चॉकलेट. मेंदूत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागातल्या पेशी तेव्हा काय करतात, ते बारीक तारांनी टिपलं जात होतं. नवख्या उंदराच्या पेशी वाटभर कडकडत होत्या. शेकडो फेऱ्यांनंतर मात्र नक्षी बदलली: सुरुवातीला एकदा जोरात, शेवटी एकदा जोरात, मधे शांतता. मेंदूनं सगळी धाव एका पुडीत बांधून ठेवली होती. पुडी उघडायची खूण तेवढी ओळखायची, पुढचं बिनबोभाट.

नवा शब्द मुरतो तो दुसऱ्या भागात, हिप्पोकॅम्पसच्या आसऱ्यानं. हे दोन रस्ते वेगळे आहेत हे कळायला एका माणसानं फार मोठी किंमत मोजली. हेन्री मोलायसन या अमेरिकी तरुणाच्या अपस्मारावर इलाज म्हणून १९५३मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. त्यानंतर नव्या गोष्टी त्याच्या लक्षात राहीनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईनं चालू लागला, आणि दर दिवशी त्याला वाटे की आपण हे पहिल्यांदाच करतो आहोत. हातवळण शाबूत, आठवण नाही. शस्त्रक्रियेनंतर इंग्रजीत रुळलेले नवे शब्द त्याला येतात का, हे पुढे तपासलं, तेव्हा फारच थोडे आढळले.

म्हणजे ‘जर्मनची सवय लावून घेते’ या वाक्यातच घोटाळा आहे. सवय लागली की मधला भाग मेंदू झोपवतो, आणि भाषा शिकताना तर नेमका मधलाच भाग जागा हवा. मी कित्येक महिने रोज रात्री साडेनऊला वही उघडून तीच यादी वरपासून खालपर्यंत वाचत होते. सवय उत्तम लागली होती. ओठ हलत, पान उलटलं जाई, समाधान मिळे. पाढ्यासारखाच पुढचा शब्द मागच्या शब्दाच्या आधारानं येई, आणि सुटा विचारला की गायब.

यावर तोडगा काढला तोही जर्मनीतच, झेबास्टियान लायटनर या विज्ञान पत्रकारानं, १९७२मध्ये. एका लांबट खोक्यात पाच कप्पे. कार्डाच्या एका बाजूला आपला शब्द, मागे परका. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. मागे न बघता उत्तर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात, मग ते चौथ्यातून का आलेलं असेना. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, असं करत पाचवा महिन्या-दीड महिन्यानं. आजच्या शब्दांच्या बऱ्याच अ‍ॅप्समध्ये गणितानं सजवलेलं हेच खोकं असतं. यात बसणं रोजचं आहे, पण समोर येणारा शब्द रोजचा नाही. सवयीला तिची ठरलेली वेळ मिळते, स्मरणाला त्याचं वाढत जाणारं अंतर.

मी बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे केले आणि ते गॅसच्या ओट्याशेजारी ठेवलं. सकाळचा चहा उकळेपर्यंत जेवढी कार्डं होतील तेवढी. एवढ्या अवधीत पंधरा-वीस होतात. दोनदा चहा उतू गेला, तेव्हा पहिला कप्पा फार भरल्याचं कळलं आणि नवी कार्डं दहावरून सहावर आणली. आठ महिन्यांचे तेरा झाले.

कोणतं कार्ड कसं चालतं हे बघण्यात मजा असते. ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिख’, म्हणजे एक-आणि-वीस, हे जर्मन एकवीस माझ्याकडे न अडखळता पाचव्या कप्प्यात गेलं. एकक आधी आणि दशक नंतर, हे तर आपल्या एकवीस-बावीसमध्येच आहे. (२०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. जर्मन मुलं अजून एक-आणि-वीसच म्हणतात.) लिंगं मात्र छळतात. तो, ती, ते अशी तीन लिंगं मराठीतही असल्यामुळे आपल्याला कल्पना परकी नाही. मुलीला नपुंसकलिंगी ‘दास मेडशेन’ म्हणतात याचंही ‘ते पोर’ म्हणणाऱ्या माणसाला नवल वाटू नये. पण चंद्र ‘तो’ आणि सूर्य ‘ती’, हे कार्ड चार वेळा चौथ्या कप्प्यातून गडगडत पहिल्यात आलं आहे.

चिठ्ठ्या बहुतेक काढून टाकल्या. फ्रिजवरची ठेवली, फक्त आता तिच्यावर नुसतं प्रश्नचिन्ह आहे आणि शब्द दाराच्या आत, अंड्यांच्या कप्प्याशेजारी. दार उघडण्यापूर्वी म्हणायचा, मग उघडून बघायचा, असा घरातला नियम. दूध काढायला सासूबाई जातात तेव्हा ओट्यापाशी उभी राहून मी ऐकते: “डेर क्यूलश्रांक.” मग दार उघडल्याचा आवाज, आणि पाठोपाठ, “हं, बरोबर.”