निरोप थांबतो कुठे?

व्हॉट्सॲपवर आधी एक टिक उमटते, मग दुसरी. या दोन टिकांच्या मधल्या वेळात निरोप असतो कुठे? नागपुरात धरमपेठेतून मानेवाड्याला ‘निघालो’ एवढंच पाठवलं आणि तिकडचा फोन बंद असला, तर तो शब्द कुठेतरी ताटकळत असणारच. युनिक्स ही संगणकाची कार्यप्रणाली आणि तिच्या गोतावळ्यातल्या (लिनक्स, बीएसडी, लिनक्सच्याच गाभ्यावर चालणारं अँड्रॉइड) गप्पांच्या सॉफ्टवेअरचा इतिहास मला तरी याच एका प्रश्नाचा इतिहास वाटतो.

सुरुवातीला उत्तर सोपं होतं. निरोप थांबतच नसे. १९७१ च्या पहिल्याच युनिक्समध्ये ‘राइट’ नावाची आज्ञा होती. तेव्हा संगणक एक आणि त्याला जोडलेली टर्मिनलं (संगणकाशी टाइप करून बोलायची यंत्रं) अनेक. युनिक्सच्या लेखी टर्मिनल हीसुद्धा एक फाइलच. त्यामुळे ‘राइट’ला करायचं काय, तर तुमची ओळ समोरच्याच्या टर्मिनलच्या फाइलमध्ये लिहायची. ती तडक त्याच्या टर्मिनलवर उमटते.

नागपुरातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये दोघं एकाच लिनक्स सर्व्हरवर लॉगिन असतील, तर हा खेळ आजही खेळता येतो. एकाने मित्राचं लॉगिन नाव देऊन लिहायचं, ‘बर्डीवर येतो का बे? (ओ)’. पलीकडून येतं, ‘सहानंतर. प्रॅक्टिकल आहे ना बे. (ओओ)’. हे कंसातले ‘ओ’ जुन्या युनिक्सच्या माहितीपुस्तिकेतच सुचवलेले आहेत. एक ओ म्हणजे वायरलेसवरचं ‘ओव्हर’, दोन म्हणजे ‘ओव्हर अँड आउट’. मित्र व्हीआय एडिटरमध्ये प्रोग्राम लिहीत असेल तर ही ओळ त्याच्या कोडच्या मधोमध येऊन पडते. फाइलला धक्का लागत नाही, पडदा तेवढा विस्कटतो, आणि कंट्रोल-एल दाबलं की पुन्हा नीट होतो. त्रास नको असेल तर ‘मेसग एन’ म्हणायचं. त्याने टर्मिनलच्या फाइलवर इतरांना असलेली लिहिण्याची परवानगी निघून जाते. ‘ब्लॉक’ करण्याची सोय इतकी जुनी आहे! आणि मित्र लॉगिनच नसेल, तर ‘राइट’ सरळ नकार देतं.

१९८३ च्या ४.२ बीएसडीसोबत ‘टॉक’ आलं आणि दोन वेगळ्या यंत्रांवरची माणसं बोलू लागली. पडदा आडवा दुभंगलेला, वरच्या अर्ध्यात तुम्ही, खालच्या अर्ध्यात समोरचा. प्रत्येक अक्षर दाबल्याबरोबर पलीकडे दिसायचं, खोडलेलंसुद्धा. आजचं ‘टायपिंग...’ यापुढे फारच सोवळं म्हणायचं. पण दोन कंपन्यांची यंत्रं संख्येतले बाइट उलटसुलट क्रमाने ठेवायची, त्यामुळे जुन्या टॉकचं कित्येकदा एकमेकांशी जमायचंच नाही. पुढच्या आवृत्तीत ठरावच (यंत्रांनी आपसात कसं बोलायचं याचे नियम, म्हणजे प्रोटोकॉल) बदलावा लागला.

मग ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात यार्क्को ओइकारिनेन यांनी आयआरसी (इंटरनेट रिले चॅट) लिहिलं. यात अनेकजण एका ‘चॅनेल’वर, म्हणजे गटात, एकत्र गप्पा मारतात. मला यात सगळ्यात जास्त रस आहे, कारण इथे पहिल्यांदा माणसांच्या मध्ये सर्व्हरांचं जाळं आलं. जाळं म्हणजे खरं तर झाड. सर्व्हर एकमेकांना असे जोडलेले की कोणत्याही दोघांमध्ये एकच वाट. एक फांदी तुटली की चॅनेलवरची निम्मी माणसं एकदम ‘गेली’ असं दिसायचं, आणि त्या निम्म्यांना बाकीचे गेलेले दिसायचे. याला नेटस्प्लिट म्हणतात.

सर्व्हर असूनही आयआरसीत निरोप साठत नाही. सर्व्हर अधूनमधून ‘पिंग’ विचारतो, तुमच्या यंत्राने ‘पाँग’ म्हणायचं. लोडशेडिंगच्या काळात लाइट गेली की पाँग बंद, आणि थोड्या वेळाने चॅनेलवर इतरांना दिसायचं, ‘पिंग टाइमआउट’. अंधारात बसलेल्या माणसाच्या वाट्याचं बोलणं कायमचं गेलं. म्हणून जाणती मंडळी कुठल्यातरी सतत चालू असलेल्या दूरच्या यंत्रावर ‘स्क्रीन’मध्ये (आपण बाहेर पडलो तरी प्रोग्राम चालू ठेवणारं साधन) ‘इर्सी’ हा आयआरसीचा प्रोग्राम उघडून ठेवत आणि घरून फक्त तिथे डोकावत.

आणखी एक अडचण खास आपली. आयआरसीचा एक संदेश ५१२ बाइटांचा, त्यातच चॅनेलचं नाव वगैरे आलं. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘नागपूर’मध्ये न, काना, ग, प, ऊकार, र अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. रोमनमध्ये सहात काम भागतं. एका ओळीत मराठीची दीडशेच्या आसपासच चिन्हं मावणार, आणि आमच्या विदर्भातल्या गप्पा काही तेवढ्यात आटोपत नाहीत.

साठवणीचा प्रश्न नीट सोडवला तो जॅबरने. जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये ते जाहीर केलं, २००४ मध्ये त्यातूनच एक्सएमपीपी हा खुला प्रमाण ठराव झाला. इथे पत्ता ईमेलसारखा, नाव आणि सर्व्हर. तुम्ही नसलात की निरोप तुमच्या सर्व्हरवर थांबतो. सर्व्हर कुणाचाही चालेल, कॉलेजचा किंवा तुमच्या घरचा, आणि सगळे एकमेकांशी बोलतात. गूगल टॉकही एके काळी असंच बाहेरच्या सर्व्हरांशी बोलत असे.

व्हॉट्सॲपची सुरुवातही ईजॅबरडी या एक्सएमपीपी सर्व्हरवरूनच झाली. तो एर्लांगमध्ये लिहिलेला, आणि ही भाषा एरिक्सनने टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेली. खाली बीएसडीच्याच कुळातलं फ्रीबीएसडी. २०१२ च्या सुरुवातीला कंपनीने सांगितलं की एका यंत्रावर वीस लाखांहून जास्त जोडण्या एकाच वेळी तग धरतात. न पोचलेला निरोप कूटबद्ध होऊन ३० दिवसांपर्यंत त्यांच्या सर्व्हरवर राहतो. म्हणजे मानेवाड्याचा तो ‘निघालो’ तिथे असतो. कारागिरीला दाद द्यावीच लागेल. पण खुल्या ठरावावर उभं राहून दाराला कडी घातली, हे मला खटकतं.

२०१४ पासूनच्या मेट्रिक्स या खुल्या ठरावात मात्र निरोप एका जागी थांबत नाही. खोलीत (म्हणजे गप्पांच्या गटात) ज्यांची माणसं आहेत त्या प्रत्येक सर्व्हरवर संभाषणाची प्रत असते, आणि प्रत्येक संदेशात आपल्या आधीचे संदेश कोणते याची नोंद असते. त्यामुळे जोडणी तुटली तरी दोन्हीकडच्या गप्पा चालू राहतात आणि नंतर एकत्र विणल्या जातात. फ्रान्स सरकारचं ‘चाप’ यावरच चालतं. किंमत अर्थात मोजावी लागते. मोठ्या खोलीत नवा सर्व्हर शिरला की त्याला बराच जुना हिशेब तपासत बसावं लागतं. पन्नास-साठ पोरांच्या लॅबसाठी हे जड आहे. तिथे एखाद्या जुन्या यंत्रावर ‘प्रोसोडी’ हा एक्सएमपीपी सर्व्हर बसवावा. आणि लाइटचा भरवसा नसेल, तर यूपीएसही.