भयपटाचा ट्रेलर : तंत्र आणि स्त्रीप्रतिमा

भयपटाचा ट्रेलर म्हणजे भयपट प्रदर्शित होण्यापूर्वी जाहिरात म्हणून दाखवली जाणारी, सहसा दोन-अडीच मिनिटांची चित्रफीत. त्याहून त्रोटक तो टीझर. इतर ट्रेलर गोष्ट आणि नट विकतात. भयपटाच्या ट्रेलरला भीतीचा नमुनाच दाखवावा लागतो, तोही भीतीचे कारण झाकून ठेवून. या पेचातून त्याचे तंत्र घडले. बाईचा चेहरा आणि बाईची किंकाळी यांवर तो इतका विसंबतो, तेही यामुळेच.

हिंदी चित्रपटांच्या मध्य भारत वितरणक्षेत्राचे केंद्र इंदूर. इथल्या रीगल चौराह्याला ज्या टॉकीजने नाव दिले, तसल्या एकपडदा चित्रपटगृहांत ट्रेलर मुख्य चित्रपटाआधी किंवा मध्यंतरात लागे आणि किंकाळी सगळ्या प्रेक्षागृहाची मिळून असे. आता तो बहुतेक जण मोबाइलवर, कानात इअरफोन घालून पाहतात. इंदुरात मराठी चित्रपट मोजकेच लागत असल्याने इथल्या मराठी घरांत कित्येक मराठी भयपटांची ओळख ट्रेलरपुरतीच राहते.

या प्रकारात दृश्यापेक्षा ध्वनी वरचढ असतो. सुरुवातीला शांतता, तिच्याखाली जेमतेम ऐकू येणारी खोल घरघर, मग एकदम मोठा आघात. याला ‘जंप स्केअर’ म्हणतात. ‘कॅट पीपल’ (१९४२) या चित्रपटात रात्री एकटी चाललेली तरुणी मागच्या पावलांच्या चाहुलीने घाबरते, ताण वाढत जातो आणि अचानक फुत्कारत चौकटीत शिरते ती बस. असल्या फसव्या दचक्याला हॉलीवूडमध्ये ‘बस’ हेच नाव पडले. ट्रेलर ही युक्ती दर काही सेकंदांनी वापरतो. उत्तरार्धात तुकडे आखूड होतात, मध्येमध्ये पडदा काळा होतो, चित्रपटाचे नाव येते आणि सुटलो असे वाटताच शेवटचा दचका बसतो. संथ केलेले बालगीत, चेहऱ्याच्या मागे मुद्दाम मोकळी सोडलेली जागा, हीही ठरीव सामग्री. ‘द कॉन्ज्युरिंग’च्या (२०१३) ट्रेलरमध्ये अंधारातून पुढे येऊन टाळी वाजवणारे दोन हात एवढ्यावरच काम भागले. हा साचा किती पक्का आहे पाहा : २०१६ मध्ये ‘मॉर्गन’ या चित्रपटासाठी आयबीएम कंपनीच्या वॉटसन या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला शंभर भयपटांचे ट्रेलर दाखवले गेले आणि त्यावरून तिने नव्या ट्रेलरसाठी क्षण निवडून दिले, जुळवणी मात्र माणसाने केली.

‘सायको’च्या (१९६०) सहा मिनिटांहून लांब ट्रेलरमध्ये दिग्दर्शक हिचकॉक स्वतः वाटाड्या होऊन मोटेल दाखवतो. शेवटी तो न्हाणीघराचा पडदा सारतो आणि एक बाई किंचाळते. गंमत अशी की ही चित्रपटात न्हाणीघरात मारली जाणारी नटी जॅनेट ली नव्हे, टोप घातलेली दुसरी नटी व्हेरा माइल्स आहे. किंकाळी हवी होती. ती कोणाची याला महत्त्व नव्हते.

पडद्यावरची स्त्री पुरुषी नजरेसाठी मांडलेली असते, हा चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्हीचा मुद्दा १९७५ मधला. कॅरल क्लोव्हर या दुसऱ्या अभ्यासक बाईने पुढे तो भयपटापुरता वाकवला : अखेरपर्यंत टिकून मारेकऱ्याशी भिडणारी मुलगी, म्हणजे ‘फायनल गर्ल’, हीच प्रेक्षकाची प्रतिनिधी ठरते. ट्रेलरला मात्र ही मुलगी दाखवता येत नाही. तिचे उलटून उभे राहणे चित्रपटाच्या शेवटच्या भागात येते आणि शेवट फोडायचा नसतो. त्यामुळे हाती उरतो तो तिच्या घाबरण्याचा पूर्वार्ध. बाईच्या बाजूने असलेल्या चित्रपटाचा ट्रेलरही त्यामुळे बऱ्याचदा जुन्या वळणाचा निघतो. संकलकाच्या मनात तसे नसले तरी.

भारतीय पडद्यावर भीती आधी गाण्यातून आली. ‘महल’मधील (१९४९) ‘आएगा आनेवाला’ गाणाऱ्या लता मंगेशकर इंदूरच्याच, जन्म १९२९ चा. आवाज दुरून जवळ येतो असे वाटावे म्हणून त्या खोलीच्या कोपऱ्यातून माइककडे चालत येत गायल्या. आजचे ट्रेलर हेच काम यंत्रावर करतात आणि दुरून बोलावणारा आवाज अजूनही बहुधा बाईचाच असतो.

मराठी लोकसमजुतीत भुतांनाही लिंग आणि सोयरसुतक आहे : बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा. ‘लपाछपी’ने (२०१७) उसाच्या फडात अडकलेली गरोदर बाई आणि स्त्रीभ्रूणहत्या यांची सांगड घातली, ‘छोरी’ (२०२१) हा त्याचा हिंदी अवतार.

‘स्त्री’ (२०१८) चंदेरीत घडतो. हे गाव पूर्वी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होते. चित्रपटात रात्री पुरुष उचलले जातात, मागे कपडे तेवढे उरतात आणि ‘मर्द को दर्द होगा’ हेच जाहिरातीचे वाक्य. ‘रात्री एकटे बाहेर पडू नका’ ही बायकांना पिढ्यान्‌पिढ्या दिलेली ताकीद पुरुषांना ऐकवण्यातली मजा ट्रेलरला नेमकी पकडता आली, कारण विनोद दाखवल्याने शेवट फुटत नाही. तरी बदलला तो बळी. भूत बाईच राहिले. ‘मुंज्या’त (२०२४) भूतही पुरुष झाले, पण त्याची हाव लग्नासाठी मुलगी मिळवण्याची, त्यामुळे दचकणारी मुलगी तिथेही लागतेच.