छोट्या क्रॉसओव्हरच्या मागे किती वजन लावायचं, हे ठरतं कसं?

२०१८ साली अमेरिकेत टोयोटा रॅव्ह४ची 'अ‍ॅडव्हेंचर' नावाची आवृत्ती आली. इंजिन तेच २.५ लिटरचं, गिअरबॉक्स तोच सहा गिअरचा, सांगाडाही तोच. साध्या रॅव्ह४ला १५०० पौंडांचा, म्हणजे ६८० किलोंचा ट्रेलर ओढायची परवानगी होती. अ‍ॅडव्हेंचरच्या ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला मात्र ३५०० पौंडांची, म्हणजे जवळपास १६०० किलोंची. मधल्या फरकाचं कारण बॉनेटखाली होतं: मोठा रेडिएटर, आणि इंजिन ऑइल व गिअरबॉक्सच्या तेलासाठी जादा कूलर. एकही हॉर्सपॉवर न वाढता आकडा दुपटीच्या वर गेला.

माहितीपत्रकातला हा आकडा म्हणजे गाडीच्या अंगातली ताकद, असं आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात त्यात तेल किती तापतं, ब्रेक किती सोसतात, मागचा अ‍ॅक्सल किती पेलतो, त्या देशाचा कायदा काय म्हणतो आणि कंपनीला त्या बाजारात किती जोखीम घ्यायची आहे, हे सगळं मिसळलेलं असतं. क्रॉसओव्हरच्या बाबतीत हे मिश्रण जास्तच गुंतागुंतीचं आहे, कारण ही गाडी दिसते जीपसारखी आणि तिचं कूळ मात्र सेदानचं.

जुन्या एसयूव्ही ट्रकच्या पद्धतीने बांधलेल्या असत. खाली पोलादी लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखा सांगाडा, वर वेगळी बॉडी. ट्रेलर अडकवायचा जोडगोळा (टोबॉल) थेट फ्रेमला बोल्ट केला की ओढ सगळी फ्रेमवर. मोनोकॉक गाडीत वेगळी फ्रेम नसतेच. वाकवलेल्या पत्र्याचे पोकळ भाग वेल्ड करून बॉडीच सांगाड्याचं काम करते. तिथे ओढ आणि धक्के मागच्या मोजक्या जागांवर येतात, म्हणून जोडगोळा कुठे आणि किती बोल्टनी बसवायचा हे कंपनीलाच ठरवून द्यावं लागतं. पण मोनोकॉक म्हणजे दुबळी, हा समज १९८४च्या जीप चेरोकीने, म्हणजे एक्सजेने, कधीच खोटा पाडला. तिची बॉडी आणि रेल एकसंध वेल्ड केलेली होती, आणि पुढे ४.० लिटर इंजिन व टोइंग पॅकेज, म्हणजे ओढकामाचं जादा सामान, घेतलं की ती ५००० पौंड ओढायची. उलट १९८८च्या सुझुकी व्हिटाराला लॅडर फ्रेम होती, पण इंजिन १.६ लिटरचं आणि गाडी हलकी. फ्रेम आहे म्हणून ती ओढकाम करणारी गाडी झाली नाही.

आजच्या छोट्या क्रॉसओव्हरची खरी सुरुवात १९९४च्या रॅव्ह४पासून धरतात. टोयोटाने १९८९च्या टोकियो मोटर शोमध्ये तिची कल्पना मांडली होती. विक्रीला आलेल्या गाडीत कंपनीच्या कारचे बरेच भाग होते. १९९५मध्ये सिव्हिकच्या पायावर होंडा सीआर-व्ही आली, १९९७मध्ये इम्प्रेझाच्या पायावर सुबारू फॉरेस्टर. रॅव्ह४ आणि सीआर-व्हीत इंजिन आडवं, सीआर-व्हीत मूळ ओढ पुढच्या चाकांची आणि मागची चाकं लागतील तशी जोडली जाणारी, तिन्हींत चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. या गाड्या शहरात चालवायला सोप्या होत्या आणि पेट्रोलही कमी पीत. मागे बोट बांधून डोंगर चढायचा, हे त्यांच्या कामाच्या यादीत शेवटून दुसरं असेल. अमेरिकेत १५०० पौंडांच्या आसपासचा आकडा त्यांच्या वर्गाला चिकटला तो चिकटलाच.

२००० साली फोर्डने माझ्दाच्या जोडीने एस्केप आणली आणि तिच्यात तीन लिटरचं व्ही-६, म्हणजे सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं. टोइंग पॅकेजसह ती ३५०० पौंड ओढत असे. टोयोटानेही पुढच्या पिढीच्या रॅव्ह४ला व्ही-६ दिलं आणि तोच आकडा गाठला. इंधनाच्या हिशेबात ही मोठी इंजिनं टिकणारी नव्हती. २०१३च्या रॅव्ह४मधून व्ही-६ गेलं, त्याबरोबर ३५००ही गेले, आणि ते परत आले ते वर सांगितलेल्या रेडिएटरच्या वाटेने.

उष्णता हा इथला कळीचा मुद्दा आहे, कारण इंजिनाआधी बहुधा गिअरबॉक्स दमतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिनाचा जोर तेलातून पुढे देणारा टॉर्क कन्व्हर्टर घसरत असताना तेल तापतं. सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या गिअरबॉक्समध्ये, पोलादी पट्टा आणि पुली एकमेकांना केवळ दाबाने धरून असतात, आणि हा दाब राखणारं तेल पातळ झालं की पकड सैल होऊ लागते. लांब चढावर पूर्ण भाराखाली दहा-पंधरा मिनिटं काढायची म्हणजे ही उष्णता बाहेर टाकायला जागा हवी. म्हणून 'सीव्हीटी आहे, ओढणार नाही' हे सरसकट विधान मला पटत नाही. सुबारूच्या साध्या क्रॉसट्रेकला अमेरिकेत १५०० पौंडांची मर्यादा. २०२४च्या 'वाइल्डरनेस' क्रॉसट्रेकला गिअरबॉक्स ऑइल कूलर आणि जास्त आखूड फायनल ड्राइव्ह (चाकांना जास्त जोर देणारं शेवटचं गिअर गुणोत्तर) दिला, सीव्हीटी ठेवला, आणि मर्यादा ३५०० केली.

मग हा आकडा मोजतात कसा? अमेरिकेत बराच काळ ज्याची त्याची फूटपट्टी होती. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने चाचणी घेई, आणि पिकअपच्या जाहिरातींत शंभर-दोनशे पौंडांची चढाओढ चाले. २००८मध्ये सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने जे२८०७ हे मानक काढलं. त्यात सर्वात गाजलेली चाचणी अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढाची: स्टेट रूट ६८ वरचा ११.४ मैलांचा, म्हणजे सुमारे १८ किलोमीटरचा घाट, बाहेर ३८ अंश सेल्सिअस उष्मा, एसी पूर्ण जोरात चालू, आणि मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर. ठरवून दिलेल्या किमान वेगाच्या खाली गाडी जाता कामा नये आणि काही निकामी होता कामा नये. याशिवाय १२ टक्क्यांच्या चढावर थांबून पाच वेळा पुढे आणि पाच वेळा मागे निघायचं. शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग ३० सेकंदांत गाठायचा. ट्रेलर डुलू लागला तर तो आपोआप स्थिरावतो का, हे पाहायचं.

मानक ऐच्छिक होतं आणि तिथेच घोडं अडलं. टोयोटाने २०११च्या मॉडेलांपासून ते स्वीकारलं आणि तिच्या टुंड्रा पिकअपचा आकडा खाली आला. बाकीच्यांनी 'तुम्ही आधी, मग आम्ही' करत आणखी काही वर्षं काढली. मोठ्या अमेरिकी कंपन्या २०१५च्या सुमारास रांगेत आल्या. मानकात गाडीत माणसं दोनच धरलेली आहेत, प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची. सहलीला निघालेलं कुटुंब या हिशेबात बसत नाही.

इथे पेलोड मध्ये येतो, आणि माझ्या मते छोट्या क्रॉसओव्हरच्या मालकाने आधी पाहायचा आकडा हाच. गाडीचं कमाल मान्य एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, म्हणजे पेलोड. माणसं, सामान, छतावरचा कॅरिअर, जोडगोळा आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा गोळ्यावर पडणारा भार, सगळं यातच. समजा पेलोड ४४० किलो आहे. चार मोठी माणसं ७५ किलोंची धरली तर ३०० गेले. डिकीत ४० किलोंच्या बॅगा. उरले १००. मागे १५०० किलोंचा ट्रेलर लावला आणि त्याचा दहा टक्के भार गोळ्यावर आला, तर ते झाले १५०. ट्रेलर मर्यादेत आहे, गाडी मात्र ५० किलोंनी जास्त भरली.

त्यात तरफेचा हिशेब वेगळाच. गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्या साधारण मीटरभर मागे असतो. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.६५ मीटर असेल तर गोळ्यावरचे १५० किलो मागच्या अ‍ॅक्सलवर सुमारे २०७ किलो होऊन पडतात आणि पुढची चाकं ५७ किलोंनी हलकी होतात. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत ओढायची, वळायची आणि ब्रेकचा मोठा भाग सांभाळायची जबाबदारी नेमकी त्याच चाकांवर असते. पिकअपवाले हा भार पुन्हा पुढे वाटणारी हिच (जोडणी) वापरतात. मोनोकॉक क्रॉसओव्हरच्या अनेक पुस्तिकांत तिला सरळ मनाई असते, कारण ती मागच्या पत्र्याला पीळ देते.

पेलोडचा आकडा गाडीच्या दारावर छापला गेला त्यामागे एक दुःखद प्रकरण आहे. २०००च्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले पुष्कळ फोर्ड एक्सप्लोररवर बसलेले होते. पट्टी सुटून टायर फुटत आणि गाड्या उलटत. अमेरिकेत अडीचशेहून अधिक माणसं गेली. फोर्डने सुचवलेली २६ पीएसआय हवा, टायरची घडण, उष्णता आणि जादा भार यांवर दोन्ही कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने सदोष वाहनं परत मागवण्याबाबतचा 'ट्रेड' (TREAD) कायदा केला, आणि त्यातून आलेल्या नियमांनी चालकाच्या दाराजवळच्या खांबावरचं टायर व भाराचं स्टिकर बदललं. माणसं आणि सामान मिळून अमुक किलोंच्या वर कधीही जाऊ नये, असं स्पष्ट वाक्य त्यावर आलं. तो आकडा त्या एका गाडीचा असतो: सनरूफ, मोठी चाकं, तिसरी रांग असेल तितका तो कमी होतो. म्हणूनच सर्वांत महागड्या आवृत्तीचा पेलोड बहुधा सर्वांत कमी निघतो, आणि माहितीपत्रकात छापलेला असतो तो सर्वांत साध्या गाडीचा.

युरोपात हिशेब दुसऱ्या टोकाने मांडतात. तिथे 'चालू स्थितीतल्या' गाडीच्या वजनात ७५ किलोंचा चालक आधीच धरलेला असतो, त्यामुळे दोन खंडांतले पेलोडचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर मर्यादा जास्तीत जास्त ७५० किलो, किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मी, यांतली जी कमी असेल ती. ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी साध्या कारला स्वतःच्या कमाल एकूण वजनाइतकं ओढता येतं. ऑफ-रोड वर्गात बसणाऱ्या गाडीला दीडपट, वर ३५०० किलोंची कमाल मर्यादा. या वर्गात बसायला डिफरन्शिअल लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी कळ) किंवा तसं काम करणारी यंत्रणा लागते, २५ टक्के चढ चढावा लागतो आणि सहा मापांपैकी पाच जमावी लागतात. बंपर न घासता चढावर जाता येईल असा पुढचा कोन २५ अंश, मागचा २० अंश, दोन अ‍ॅक्सलमधली जमिनीपासूनची उंची २०० मिलिमीटर वगैरे. बंपरचा खालचा ओठ किती लांब, यावर कागदोपत्री ओढायची मर्यादा बदलू शकते, ही गंमत मला नेहमीच वाटत आली आहे.

आता एकच गाडी दोन्हीकडे पाहू. २०१९च्या पिढीची ऑल व्हील ड्राइव्ह रॅव्ह४ हायब्रिड युरोपात १६५० किलो ओढते. अमेरिकेत तिला १७५० पौंड, म्हणजे ७९४ किलो. पोलाद तेच. फरक गोळ्यावरच्या भाराचा आणि वेगाचा. युरोपीय नियमात गोळ्यावर किमान चार टक्के भार पुरतो, अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के ठेवा असं सांगतात. जास्त भार ट्रेलरला डुलण्यापासून आवरतो, आणि डुलणं वेगाबरोबर झपाट्याने वाढतं. जर्मनीत ट्रेलरसह साधारण ८० किलोमीटरचीच मुभा आहे, खास मंजुरी असेल तर १००. अमेरिकेत महामार्गावर सगळ्यांच्या बरोबरीने जाणारे पुष्कळ. चार टक्क्यांनी १६५० किलोंचे ६६ किलो होतात, बारा टक्क्यांनी १९८. छोट्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलला हा फरक फार मोठा आहे. अमेरिकेत अशा ग्राहकाला मोठी गाडी विकता येते, हेही कंपन्या विसरत नसाव्यात.

त्याच हायब्रिडची फक्त पुढच्या चाकांची आवृत्ती युरोपात ८०० किलोंवर थांबते. मागची विद्युत मोटर आली की मर्यादा दुप्पट. पण हायब्रिड म्हणजे जास्त ओढणार असं नाही: अमेरिकेतल्या सध्याच्या सीआर-व्हीची पेट्रोल गाडी १५०० पौंडांची आणि हायब्रिड १००० पौंडांची आहे.

पूर्ण विजेच्या गाड्यांत जोर भरपूर असतो, अडचण वजनाची. बॅटरी काही शे किलो खाते, तेवढा टायर आणि अ‍ॅक्सलचा वाटा आधीच संपलेला. उंच कॅरव्हॅन (मागे ओढायचं चाकांवरचं घर) लावली की पल्ला निम्म्याच्या आसपास येतो, आणि घाट उतरताना बॅटरी भरलेली असेल तर मोटरने ब्रेक लावायला जागा उरत नाही. टेस्ला मॉडेल वायने १६०० किलोंची मंजुरी घेतली. पहिल्या पिढीच्या ह्युंदाई कोना इलेक्ट्रिकला युरोपात ट्रेलरची परवानगीच नव्हती. फोक्सवागन आयडी.३ तर क्रॉसओव्हरही नाही, पण तिच्या कागदावर दोन्ही आकडे वेगळे दिसतात: सायकलींच्या रॅकसाठी गोळ्यावर ७५ किलो मान्य, ओढायला शून्य.