डोंगर विमान ओढत नाही
‘लडाखच्या डोंगरात चुंबक आहे, तो विमानं खाली खेचतो’ हा फॉरवर्ड कोल्हापुरातल्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. सोबत 1968 चं उदाहरण असतं: 102 जणांसह लेहला निघालेलं लष्करी एएन-12 हरवलं, अवशेष 2003 मध्ये हिमनदीत मिळाले. घटना खरी, पण ते विमान खराब हवामानामुळे माघारी वळलं होतं.

विमानाचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमचा. फ्रिजवरचं चुंबक जर्मनच्या पातेल्याला लावून बघा, चिकटत नाही. इंजिनात पोलाद असतं, मान्य. पण चुंबकाची ओढ अंतरानुसार झपाट्याने घटते. पन्हाळ्याच्या काळ्या दगडातही चुंबकीय खनिज आहेच. होकायंत्र टेकवलं तर काटा थोडा हलेल, शेजारची मोटारसायकल नाही!

खरा धोका ढगांत लपलेल्या शिखरांचा आणि डोंगरापलीकडे खाली कोसळणाऱ्या वाऱ्याचा.