वळचणीची फट बुजवल्याने छप्पर कोरडे राहत नाही

वळचणीची फट सिमेंटने बुजवली की घरात ओल येत नाही, हा कोकणात, विशेषतः कौले उतरवून पत्रा घातलेल्या घरांत, रुजलेला समज चुकीचा आहे. झड अडवण्याचे काम भिंतीपुढे काढलेल्या छपराच्या कडेचे असते. फट बुजली की स्वयंपाकाची आणि आत वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ माळ्यावर कोंडते, रात्री थंड झालेल्या पत्र्याला लागून तिचे पाणी होते, आणि लोक (डांबर फासणारे कारागीरसुद्धा) त्यालाच गळती समजतात. लाकडातील ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांहून बराच अधिक राहिल्यास वासे कुजू लागतात. कौलांच्या सांध्यांतून हवा आपोआप खेळत असे. पत्र्याखाली मात्र वळचणीशी आणि आढ्यापाशी, अशी दोन्हीकडे वाट ठेवावी लागते. उंदीर-वटवाघळांसाठी तिथे बारीक जाळी बसवावी. खाऱ्या हवेत साधी लोखंडी जाळी फार टिकत नाही.