रिकामा वेळ आणि मोकळा वेळ: बेकारी आणि ऐच्छिक काम यांत फरक काय?

बहुतेक कामं यंत्रं करू लागली, अन्न, वीज, औषधं सगळ्यांना पुरून उरली, तर नोकरी करायची की नाही हे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर राहील. असं चित्र रंगवलं की कुणीतरी लगेच म्हणतं, "म्हणजे सगळे बेकारच की!" ही गल्लत होणं साहजिक आहे. भर दुपारी घरी बसलेला माणूस दोन्हीकडे सारखाच दिसतो. मराठीला मात्र हा फरक आधीपासून ठाऊक आहे. 'तो रिकामा आहे' आणि 'तो मोकळा आहे' यांत आपण कधी घोटाळा करत नाही.

रिकामपण आतून कसं असतं, हे ऑस्ट्रियातल्या मारीनथाल गावात दिसलं. व्हिएन्नाजवळच्या या गावाचं पोट एका कापडगिरणीवर होतं. मंदीत ती बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव घरी बसलं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांच्या गटाने १९३१-३२ मध्ये तिथल्या जगण्याचा बारकाईने अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता. गावात वाचनालय होतं आणि त्याचं शुल्कही माफ झालं होतं. तरीही १९२९ ते १९३१ या काळात वाचायला नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. लोक रस्त्यावरून कसे चालतात, हेही संशोधकांनी घड्याळ लावून पाहिलं. पुरुषांची पावलं जड झाली होती, रस्ता संपेपर्यंत ते पुन्हा पुन्हा थबकत. बायकांची चाल जलद होती, कारण गिरणी बंद पडली तरी चूल बंद पडत नाही. दिवसाची तासवार नोंद करायला सांगितल्यावर एकाने सकाळच्या रकान्यात एवढंच लिहिलं होतं, की तोवर दुपार होते.

याला आळस म्हणणं अन्याय होईल. बेकारभत्त्याची अट अशी होती, की कुणी चार पैसे कमावले तर भत्ता बंद. झाडं तोडायला हात लावून बदल्यात सरपण नेलं, माउथ ऑर्गन वाजवून थोडे पैसे मिळवले, एवढ्यावरही भत्ता गेल्याची उदाहरणं आहेत. या अभ्यासातला हा तपशील मला सगळ्यात जास्त टोचतो. वाजवणं, लाकडं फोडणं, शेजाऱ्याच्या मदतीला जाणं ही तर नेमकी ती कामं, जी मोकळा माणूस आपणहून करतो.

म्हणून माझी कसोटी अशी: माणसाला कामाला 'नाही' म्हणता येतं का, आणि 'हो' म्हणता येतं का? बेकाराला दोन्ही येत नाही. नोकरदाराला बहुधा 'नाही' परवडत नाही. काम खरोखर ऐच्छिक असेल तिथे दोन्ही दारं उघडी असतात.

फिनलंडने २०१७-१८ मध्ये यातलं एक दार किलकिलं करून पाहिलं. २,००० बेकारांना दरमहा ५६० युरो विनाअट दिले, काम मिळालं तरी हे पैसे थांबत नव्हते. या लोकांचे कामाचे दिवस घटले नाहीत, उलट किंचित वाढले. त्यांचं मनही इतर बेकारांच्या तुलनेत स्वस्थ होतं आणि इतरांवरचा विश्वास जास्त होता. अर्थात एवढ्या पैशात कुणी आयुष्यभर निवांत बसू शकत नाही, त्यामुळे याला ऐच्छिक काम म्हणता येणार नाही. पण नुसती अट काढल्याने काय होतं, ते इथे दिसलं.

आणखी एक गैरसमज: मुबलकता आली की मोकळीक आपोआप येईल. शंभर वर्षांत आठवड्याला १५ तास काम पुरेल, असा अंदाज ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सने १९३० मध्ये मांडला होता. संपत्ती वाढली, तास मात्र तेवढे उतरले नाहीत. त्याच मंदीच्या काळात ब्राझीलमध्ये भाव टिकवण्यासाठी कॉफीची पोतीच्या पोती जाळली गेली. माल ओसंडून वाहत होता आणि माणसं रिकामी होती. यंत्रं कुणाच्या मालकीची आणि त्यांनी केलेल्या कमाईतला वाटा कुणाला, हे ठरल्याशिवाय मुबलकतेतूनही बेकारीच निपजते.

मग कामं करणार कोण? आवडीच्या कामांची मला चिंता वाटत नाही. विकिपीडियाचे लेख २००१ पासून लोक पगाराविना लिहीत आहेत. खरा प्रश्न घाण उपसण्याच्या कामांचा आहे. ती करणाऱ्याला 'नाही' म्हणता आलं, तर घसघशीत मोबदला द्यावा लागेल, सगळ्यांनी पाळ्या लावून ती वाटून घ्यावी लागतील, किंवा त्यांच्यासाठी यंत्रं आधी आणावी लागतील. यांतली काही यंत्रं आजही तयार आहेत. ती वापरली जात नाहीत, कारण 'नाही' म्हणू न शकणारा माणूस त्यांच्यापेक्षा स्वस्त पडतो.